तिसऱ्या वर्षाचा रकाना

नंदुरबारला माघात
पथारीवर मिरची पसरलेली असते,
आणि टेप धरणारा पोरगा
दर पाचव्या मीटरला शिंकतो.
मी वहीत लिहिते : मोकळी जागा.
मग खोडते.
मोकळी कसली, तीन महिने लाल,
दीडशे बाया देठ खुडतात इथं,
आणि नऊ महिने मात्र
खरंच काही नसतं, दोन कुत्री सोडून.
आकारणीच्या तक्त्यात
अशा जमिनीला ओळ नाही.

वरून पत्र आलंय :
पालिकेने पाच वर्षांचा
कर-सुधारणा आराखडा सादर करावा.
मध्यम मुदतीचा.
मध्यम म्हणजे किती, मी विचारलं.
कुणी सांगेना.
मी आपली धरली
अध्यक्षांच्या खुर्चीपेक्षा जराशी लांब,
जमिनीतल्या पाइपापेक्षा बरीच आखूड.

पहिलं वर्ष : घरं मोजणे.
दुसरं : दर.
तिसऱ्या वर्षी निवडणूक.
अध्यक्ष चहा बशीत ओतत म्हणाले,
वारकेबाई, तिथं 'अभ्यास सुरू' टाका,
त्या शब्दाला कुणी मत देत नाही
आणि कुणी दगडही मारत नाही.

कोपऱ्यातल्या टेबलावर याकूब पिंजारी.
मार्चअखेर निवृत्त.
नोकरी लागली तेव्हा ते जकात नाक्यावर होते,
पाटे किती वाकलेत बघून
ट्रकचं वजन सांगायचे,
ताडपत्रीखाली कापूस की कापसाखाली आणखी काही
तेही.
जकात गेली, अनुदान आलं.
'तेव्हा रस्त्यात उभं राहून हात करायचो,
गाडी थांबायची,' ते म्हणतात.
'आता खिडकीत उभं राहून
मुंबईकडे हात करतो.'

पथारीच्या मागे
भोईवाड्याची शेवटची गल्ली.
तुळसाबाईचं घर मोजलं :
अठरा बाय अकरा, पत्रा, पुढं न्हाणी.
ती हात न धुता आली,
बोटं मिरचीची, म्हणून पदराने नाही
तर दंडाने घाम पुसत.
'नय नही शे मना दारले,
नयपट्टी मातर शे. हाई कसं?'
मी म्हटलं, आराखड्यात आहे नळ.
'कोनता सालले?'
चौथ्या.
'आनि पैसा?'
पहिल्या.
ती हसली नाही, चिडली नाही.
शेजारणीला हाक मारून म्हणाली,
'वं, आयक, आयक हाई,'
आणि दोघी मिळून
माझ्याकडे बघत राहिल्या
बाजारात उलटा काटा धरलेल्या
माणसाकडे बघावं तशा.

रात्री संगणकावर
मी नळ उचलून पहिल्या वर्षात ठेवला.
खालची बेरीज लाल झाली.
पथारीवाल्यांना हंगामापुरता दर लावला,
लाल जरा फिकी झाली.
जिनिंगची जुनी सूट काढली,
मग आठवलं ती कुणाची जिनिंग,
परत ठेवली,
पाणी पिऊन आले,
परत काढली.
डोळ्यांची आग होत होती,
दिवसभराची मिरची,
दुसरं काही नाही.

तिसऱ्या वर्षाचा रकाना
तेवढा पांढरा.
दर दुसऱ्या वर्षी लावला आणि
तिसऱ्या वर्षी वसूलच केला नाही
तर चौथ्या वर्षी
लोक पावती नाही, माफी मागायला येतील.
आणि वसूल करा असं लिहिलं
तर हा कागद
सभेच्या दारातूनच परत.

साडेदहाला याकूबभाईंना फोन लावला.
झोपले नव्हते.
विचारलं, रिकामा ट्रक नाक्यावरून सुटायचा
तेव्हा रजिस्टरात काय लिहायचात?
'निरंक.'
मग थोडं थांबून :
'पण नंबर लिहायचो. आणि वेळ.
रिकामा गेलाय म्हणजे
कुठूनतरी भरून येणार ना तो.
रात्री येतो बहुतेक.'

उद्या अकराला सभा.
'अभ्यास सुरू' मी पुसलं.
तिथं लिहिलं : निरंक.
खाली भोईवाड्याच्या गल्लीचा नंबर,
घरं एकेचाळीस,
आणि वेळ.